नाल्याच्या खालची मरळ

मासा खोटं बोलत नाही, हे वाक्य मी अकरा वर्षं वर्गात ऐकवत आले. प्राणिशास्त्राची पोरं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसंच्या तसं लिहितात आणि मी त्यांना गुण देते. मागच्या वर्षापासून मात्र हे वाक्य तोंडाशी आलं की मी पाणी प्यायचं निमित्त करते. मासा खोटं बोलत नाहीच. पण तो कुठल्या पाण्यातला आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. मला ते ठाऊक नव्हतं, आणि पदवी माझ्याच गळ्यात पडली.

आमचं घर सेलूचं, किराणा दुकानदारांचं. चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर. अशा घरातल्या मुलीने मासे कापायचा विषय घेतला तेव्हा आईने कपाळाला हात लावला. आर्वीकडच्या एका कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तो हात खाली आला. तरी सुट्टीत घरी गेले की ती मला दारातच अडवायची.

"आंघोय कर पयले. मासोया कापलेले हात घिऊन सैपाकघरात येऊ नको."

"अगं, त्या परवा कापल्या."

"वास काई तारीख पाहून येत नाई," ती म्हणायची.

पीएच.डी.ला मी नदीच्या प्रेमापोटी बसले नाही, हे आधीच सांगून टाकते. पदवीशिवाय बढती नव्हती, म्हणून बसले. विषय मार्गदर्शक सरांनी सुचवला: माशाच्या यकृतावरून नदीतलं रासायनिक प्रदूषण ओळखणं. सुचवताना ते वर्तमानपत्र वाचत होते. तरी विषय मला आवडला, अगदी मनापासून आवडला. पाण्याची बाटली भरून तपासली तर ती तेवढ्या घडीचंच सांगते. सांडपाणी रविवारी सोडलं आणि तुम्ही बुधवारी बाटली भरली, की पाणी निर्दोष. यकृताचं तसं नसतं. माशाच्या अंगात विष शिरलं की ते मोडून काढायचं काम यकृताकडे येतं, आणि त्यासाठी ते काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बनवायला लागतं. ती प्रयोगशाळेत मोजता येतात. विष महिनोन्‌महिने येत राहिलं तर यकृत सुजतं, माशाच्या वजनाच्या मानाने जड होतं, त्याचा रंग बिघडतो. बाटलीला जे चुकवता येतं ते यकृताला चुकवता येत नाही, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगत सुटले होते.

आमच्याकडे वर्धा नदीला एक नाला येऊन मिळतो आणि त्या नाल्यावर वरच्या अंगाला एक कारखाना आहे. कारखान्याचं नाव घेत नाही. घेतलं तर मला आधी कागद दाखवावे लागतील, आणि माझ्या कागदात काय आहे ते पुढे येईलच. मला दोन ठिकाणचे मासे हवे होते, नाला मिळतो त्याच्या वरचे आणि त्याच्या खालचे. वरचा डोह एका गावच्या मच्छीमार सोसायटीकडे होता, खालचा दुसऱ्या गावच्या; दोन्हीकडून मी वेगवेगळी मासोळी घेणार होते. मासा ठरला मरळ. मरळ चिवट असते, बादलीत तासन्‌तास जगते, आणि सहसा आपला डोह सोडून जात नाही.

खालच्या डोहावर मला मासोळी देणारे एक ढिवर काका होते. साठीच्या घरातले, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमी तपासून आमाले कागुद देसान का?"

"देईन की. कशाला हवा?"

"नाल्याच्या खालच्या मासोईले राकेलवानी वास येते जी. कारंज्याचे ढाबेवाले घेत नाई आता. रोहण्याच्या बजारातबी लोक हातात घेऊन सुंगतात अन् ठेवून देतात. आमी अर्ज देल्ला त सायब म्हणे, शास्त्राचा पुरावा आना."

म्हणजे माझ्या पदवीसारखंच त्यांचंही काम एका कागदावर अडलं होतं. त्यांचा डोह, त्यांच्या सोसायटीतल्या सगळ्या घरांचं पोट त्या कागदावर होतं. मी म्हटलं, "काका, काळजी करू नका." एवढं सोपं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

मग मी त्यांना काय हवं ते सांगितलं. मासोळी जिवंत हवी, धडधाकट हवी, एकसारख्या लांबीची हवी. जखमी किंवा मरतुकडी चालणार नाही. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं, कारण मरायला टेकलेल्या माशाच्या यकृतावरून काही कळत नाही. कशासाठी, ते मात्र मी सांगितलं नाही. यकृत, विकरं, हे त्यांना काय कळणार, असा माझा समज. माझी शिकवायची हौस वर्गाच्या दाराशी संपत होती.

"तुमाले खराब देईन का मी?" एवढंच ते म्हणाले.

पुढे दोन वर्षं, दर महिन्यातून एक सकाळ. मी सातला ऑटोने पोचायची, त्यामुळे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक मीच असायची. माझी नोट ते कपाळाला लावायचे, मग जाळ्याला, मग खिशात ठेवायचे. बोहनीला खराब माल गेला तर सगळा दिवस खराब जातो, असं त्यांच्यात मानतात. आमच्या दुकानातही बाबा पहिल्या गिऱ्हाइकाच्या पुडीत चिमूटभर साखर जास्तच घालायचे. दुकानदाराची मुलगी असूनही मला या बोहनीवरून पुढचं काही सुचलं नाही.

डोंग्यात मी एकदाही बसले नाही. पोहता येत नाही, असं मी सांगायची. खरं कारण डोंग्याला येणारा वास. मी बाभळीखाली उभी राहायची, काठावरून पाण्याची बाटली भरायची, आणि काका पाण्यात बुडवून ठेवलेली टोपली उचलून आणायचे. त्यात मरळी आधीच तयार असायच्या. काळ्याभोर, चकचकीत, बादलीत टाकल्या की शेपटीने माझी ओढणी भिजवणाऱ्या. मी खूश व्हायची. काकांच्या बायको, काकू, घराच्या दारातून हाक द्यायच्या, "मॅडम, च्या त घ्या न." मी हात हलवून म्हणायची, "आज नको, उशीर होतो." दोन वर्षं मला उशीरच होत होता. कॉलेजात बादली उतरवायची, यकृतं काढायची, तोलायची, बर्फात घालून नागपूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवायची.

निकाल आले. वरच्या आणि खालच्या मरळीत फरक नाही. ना विकरांत, ना वजनात, ना रंगात. मी चकित झाले, पण दुःखी झाले नाही. सर म्हणाले, "निकाल तो निकाल. नदी स्वच्छ आहे म्हणून लिहा." मी लिहिलं. छापून आलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नमुने कुठून घेतले हे विचारलं, मी नकाशा दाखवला, त्यांनी मान डोलावली. कॉलेजात पेढे वाटले.

एक पेढ्यांचा पुडा आणि अहवालाची प्रत घेऊन मी डोहावर गेले. काका कागद उलटासुलटा करून पाहत राहिले. मी सांगितलं, "काका, चांगली बातमी आहे. तुमची मासोळी अगदी निरोगी आहे."

"मंग वास काऊन येते?"

मी पाच मिनिटं व्याख्यान दिलं. वास शेवाळाचाही असू शकतो, उन्हाळ्यात पाणी आटलं की येतो, वास म्हणजे विष नव्हे. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "म्हन्जे खाले हरकत नाई? मी त सैपाकात घेनं बंद केलं होतं."

"काहीच हरकत नाही," मी म्हटलं. काकांनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

चार-पाच महिन्यांनी सोसायटीच्या अर्जावर तालुक्याच्या कचेरीत सुनावणी लागली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी आपली गेले, कशी कोण जाणे, बहुधा आपलं नाव तिथे निघेल या हौसेने. नाव निघालंही. कारखान्याचे वकील उठले आणि माझ्याच अहवालातला परिच्छेद त्यांनी मोठ्याने वाचला. इथल्याच कॉलेजच्या विदुषी, दोन वर्षांचा अभ्यास, नाल्याच्या वर आणि खाली फरक नाही. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, आता आणखी काय हवं? अर्ज निकाली निघाला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझ्या हातून मारुतीही झाला नव्हता.

बाहेर लिंबाखाली सोसायटीची माणसं उभी होती. त्यांतला एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडमनं कोन्त्या नदीतल्या मासोया तपासल्या, देव जाने."

यावर काका उसळले. दोन वर्षांत मी त्यांना कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. "मॅडमले नाव ठेवू नोको. मॅडमले मी एकबी खराब मासोई देल्ली नाई. फाटे चार वाजता उठून नाल्याच्या वर जात होतो, त्यायच्या डोहात. पकडलो असतो त त्यायनं जायं फाडलं असतं माह्यं. चोरून आनत होतो मॅडमसाठी. बोहनीले घान मासोई देऊ का मी?"

मी विचारलं, "काका, वरच्या डोहातली? सगळी? दर वेळी?"

"हो जी. तुमीच त म्हनलं होतं, चांगली पाह्यजे."

"पण मी ती तपासायला नेत होते!"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तपासाले त तुमी बाटली भरत होते न. मासोई घरी खाले नेता, असंच वाटलं मले."

मी हसले, खरंच हसले, आणि मग तिथेच लिंबाच्या पारावर बसले. सेलूच्या किराणा दुकानदाराची मुलगी, चातुर्मासात लसूण न खाणारी, आणि हा माणूस दोन वर्षं पहाटे उठून, दुसऱ्याच्या डोहात चोरी करून तिच्या जेवणाची सोय करत होता. माझं एक नंबरचं ठिकाण आणि दोन नंबरचं ठिकाण एकच होतं. वरच्याच पाण्यातला मासा मी वरच्याच पाण्यातल्या माशाशी ताडून पाहिला, आणि फरक नाही म्हणून पदवी घेतली. फरक येणार कुठून? काकांचा राग यायला हवा होता, आला नाही. एकदा डोंग्यात बसले असते, एकदा चहाला आत गेले असते, एकदा बादलीतल्या मरळीचं पोट त्यांच्यासमोर फाडून हे यकृत, इथे विष दिसतं, एवढं दाखवलं असतं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मला नाल्याच्या तोंडातली मरळ आणून दिली असती. मला स्वतःचा असा संताप आला की परत येताना ऑटोवाल्याशी विनाकारण भांडले.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पदवी जाईल, नोकरी जाईल, माझंही नाव जाईल." मी दोन महिने गप्प राहिले. हे दोन महिने कुणी मला माफ करू नये. तिसऱ्या महिन्यात कचेरीला पत्र लिहिलं: माझे खालच्या ठिकाणचे नमुने चुकीच्या पाण्यातले होते, चूक माझी, निष्कर्ष ग्राह्य धरू नये. उत्तर आलं, तेही सरकारी उत्तर येतं तसं: आपला मूळ अहवाल विद्यापीठाने मान्य केलेला आहे, नवे म्हणणे असल्यास महिन्याच्या आत नवीन नमुन्यांचा अहवाल सादर करावा, अन्यथा प्रकरण बंद समजण्यात येईल. पत्र माझ्या हाती पडेपर्यंत त्या महिन्यातला अर्धा संपला होता. प्रयोगशाळेला लागणारे दिवस वजा केले तर माझ्याकडे एकच सकाळ उरत होती.

त्या सकाळी मी बर्फाचा डबा घेऊन सातला डोहावर पोचले. काकांना आदल्या दिवशी फोनवर सगळं समजावलं होतं, यकृतापासून विकरांपर्यंत. त्यांना सगळं कळलं. कठीण नव्हतंच ते. टोपली पाण्यात होती. आत सात मरळी होत्या, मळकट, सुस्त, एकीच्या कल्ल्यापाशी लाल चट्टा. टोपली उचलली तसा राकेलचा भपकारा आला.

मी नोट पुढे केली. काकांनी हात मागे घेतला.

"बोहनी होऊ द्या जी पयले."

"म्हणजे?"

"ही मासोई बोहनीले नाई देता येत मॅडम. एखांदं गिऱ्हाईक येऊ द्या, त्याले काई बाही इकतो, मंग तुमी न्या."

"काका, मी पैसे देत नाही, तशीच नेते."

"फुकट त त्याहून वाईट. दिवस उजाडला अन् पयला माल फुकट गेला?"

कचेरीतल्या साहेबाशी मी भांडले असते. काकांशी कशी भांडणार? बाभळीखाली आम्ही दोघं बसलो. दुसऱ्या टोपलीत थोडे झिंगे होते, पावशेरभर, तेच विकायचे. आठ वाजले. एक फटफटीवाला आला, थांबला, नाकाला रुमाल लावून गेला. नऊ वाजले. पुलावरून एक बाई पिशवी घेऊन येताना दिसली. काका उठून उभे राहिले. ती वळून शेताकडे गेली. माझ्या डब्यातला बर्फ निम्मा झाला होता. या डोहावर गिऱ्हाईक येत नाही, हेच तर सिद्ध करायला आम्ही बसलो होतो, आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून सिद्ध करता येत नव्हतं. मला रडू यायला लागलं, चिडीचं.

दहाच्या सुमाराला काका उठले. डोंगा ओढत काठावर आणला, पालथा घातला, जाळं गुंडाळून त्याच्यावर ठेवलं. मग म्हणाले, "आज धंदा बंद. धंदाच नाई त बोहनी कायची? न्या आता." आणि सहा मरळी त्यांनी स्वतः माझ्या बादलीत टाकल्या. वर आपला दुपट्टा झाकला.

मी म्हटलं, "काका, चहा घेते आज." बर्फ वितळत होता, खरोखरच उशीर होत होता, पण मी आत गेले. काकूंनी चहा टाकला. चुलीशेजारी जर्मनची पातेली होती, कालच्या रश्श्याचा तवंग वर साकळलेला. काका टोपली घेऊन आत आले. सातवी मरळ, ती लाल चट्ट्याची, माझ्या मापात न बसलेली, त्यांनी काकूंच्या पुढ्यात ठेवली. काकूंनी विळा पुढे ओढला.

मला आत्ता समजलं. ढाब्याने घेतली नाही, बाजाराने घेतली नाही, ती मासोळी कुठे जात होती हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"काकू, ती खाऊ नका," मी म्हटलं.

काकूंनी विळ्यावरून मान वर केली. त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला सोसलं असतं.

"काऊन जी? तुमीच त सांगून गेलते न, काई हरकत नाई म्हनून. तवापासून रोज खाऊन राह्यलो आमी."